शेवटचा माणूस येईपर्यंत

लेकीच्या गाडीची डिकी उघडली की आधी चिखलाचा वास येतो. मग दिसतात दोन जोड जुनाट बूट, एक बॅटरी, डासांच्या मलमाची ट्यूब आणि कागदाच्या पुडीत बांधलेलं मीठ. मीठ कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाली, "जळवांसाठी. चिकटली की चिमूटभर टाकायचं, सुटते." क्वालालंपूरसारख्या काचेच्या उंच इमारतींच्या शहरात, एका कंपनीच्या हिशेबखात्यात काम करणारी, रोज इस्त्रीचे कपडे घालून ऑफिसला जाणारी ही माझी मुलगी. तिच्या गाडीत हे सामान!

फोनवर ती सांगायची, "रविवारी दुपारी धावायला जाते." मला वाटायचं, बागेत चकरा मारत असेल. प्रत्यक्षात गेले तेव्हा कळलं, की दर रविवारी ही बया गावाबाहेरच्या कुठल्याशा मळ्यात नाहीतर जंगलात जाते, अनोळखी रानातून कागदाचे कपटे शोधत पळते आणि रात्री नऊला चिखलाने माखून घरी येते. मी तिच्याकडे गेले त्या पहिल्याच रविवारी ती मला टीव्हीसमोर बसवून निघून गेली. मला राग आला. चार वर्षांनी आई आली आहे, तर एक रविवार घरी थांबता येत नाही? बोलले मात्र काही नाही. आमच्या दोघींमध्ये न बोललेल्या गोष्टी तशाही बऱ्याच साठलेल्या होत्या. त्यांत आणखी एक.

दुसऱ्या रविवारी तीच म्हणाली, "आई, तू पण चल ना. चालणारेही खूप असतात. तुझे नवे बूट मात्र घालू नकोस, माझे जुने घाल." नव्या बुटांना तिथे शिक्षा असते म्हणे. बुटातच पेय ओतून ते प्यायला लावतात! मी एक कादंबरी पिशवीत टाकली. गाडीत बसून वाचेन, असा बेत होता.

शहराच्या आग्नेयेला सेमेन्यिहकडे जाणाऱ्या रस्त्याने आम्ही गेलो. एका फाट्यावर झाडाला कागद टोचून बाण दाखवला होता. आत वळल्यावर पामच्या मळ्याच्या कडेला पन्नास-साठ गाड्या ओळीने उभ्या. माणसं तरी किती तऱ्हेची! चिनी, तमिळ, मलय, चार-दोन गोरे. बारा वर्षांच्या पोरापासून पंच्याहत्तरीच्या आजोबांपर्यंत. कुणी डॉक्टर, कुणी गॅरेजवाला, कुणी निवृत्त शिक्षिका. सगळे मला बघून "हॅलो आंटी" म्हणत होते. एका घडीच्या टेबलावर वही होती. येणाऱ्या प्रत्येकाने त्यात नाव लिहायचं आणि थोडे पैसे भरायचे. लेकीने माझंही नाव लिहिलं. "अगं, मी बसणारच आहे गाडीत," मी म्हटलं. "असू दे. नाव लागतं," ती म्हणाली. त्या वहीचं महत्त्व मला तीन तासांनी कळणार होतं.

आता हा खेळ काय, ते सांगते.

सकाळी दोघं-तिघं जण रानात जाऊन वाट आखून येतात. त्यांना म्हणायचं 'हेअर', म्हणजे ससे. दर काही पावलांवर ते कागदाचे कपटे टाकत जातात. संध्याकाळी बाकीचे सगळे त्या कपट्यांचा माग काढत धावतात. हे झाले शिकारी कुत्रे. माग दिसला की ओरडायचं, "ऑन ऑन!" मागच्यांनी तो आवाज धरून यायचं. इथवर आपल्या लपंडावाचाच प्रकार. पण खरी गंमत पुढे आहे. वाटेत मध्येच एके ठिकाणी कागदाची खूण करून माग तोडलेला असतो. त्याला म्हणतात 'चेक'. तिथून पुढची वाट कुठल्याही दिशेला असू शकते. म्हणून पुढे पळणारे तरणेताठे गडी चहूकडे पांगतात. कुणी टेकडी चढतो, कुणी ओढ्यात उतरतो. काही फसव्या वाटाही असतात; थोडं अंतर कागद दिसतो आणि मग काहीच नाही. गेलेल्याला मुकाट्याने परत यावं लागतं. मागून येणारे विचारतात, "आर यू?" उत्तर येतं, "चेकिंग!" आणि ह्या सगळ्या शोधाशोधीत मागचे हळूहळू चालत चेकपाशी येऊन पोचतात. खरी वाट सापडेपर्यंत पहिला आणि शेवटचा पुन्हा एकत्र!

म्हणजे जो जास्त वेगाने धावतो त्याला जास्त पळावं लागतं. जो सावकाश येतो त्याचे कष्ट वाचतात. सगळे साधारण एकाच सुमाराला परततात. पहिला नंबर कुणाचा, हे कुणी विचारत नाही, बक्षीसही नसतं. उलट कुणी शर्यतीसारखा धावला, तर त्यालाच शेवटी सगळ्यांसमोर दंड! पोरांचे मार्क आणि नंबर मोजण्यात निम्मं आयुष्य घालवलेल्या माझ्यासारखीला हे पचायला वेळ लागला.

ह्याचा उगम क्वालालंपूरचाच. १९३८ साली आल्बर्ट गिस्पर्ट नावाच्या एका हिशेबनीसाने आणि त्याच्या मित्रांनी हा खेळ इथे सुरू केला. कागदाचा माग काढत धावणं ही विलायतेतल्या शाळकरी मुलांची जुनी करमणूक. ती ह्या साहेब लोकांनी रबराच्या मळ्यांत आणली. ही ब्रह्मचारी मंडळी सेलांगोर क्लबाच्या इमारतीत जेवायची. तिथलं जेवण इतकं बेचव, की त्या खाणावळीला चेष्टेने 'हॅश हाउस' म्हणत. हॅश म्हणजे उरल्यासुरल्या मांसाचा चिरून केलेला पदार्थ. त्यावरून क्लबाचं नाव पडलं 'हॅश हाउस हॅरिअर्स'. हॅरिअर म्हणजे सशामागे धावणारा कुत्रा. खाणावळीच्या वाईट जेवणाचं असं जगभर चिरंजीव झालेलं नाव दुसरं नसेल. पुण्याच्या खाणावळींना एवढं भाग्य लाभलं नाही!

पुढे महायुद्ध आलं. जपानी फौजा मलायातून खाली सरकल्या आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत गिस्पर्ट मारला गेला. १९४६ मध्ये उरलेल्यांनी क्लब पुन्हा उभा केला. युद्धात झालेल्या नुकसानीची भरपाई त्यांनी सरकारकडे मागितली ती अशी : इनॅमलचे २४ मग, एक पत्र्याचं टब आणि दोन जुन्या पिशव्या. एवढीच क्लबाची मालमत्ता. मग १९४८ पासून कम्युनिस्ट बंडाळीची वर्षं आली, संचारबंदी आली. १९५१ मध्ये चेरास भागात धावता धावता ही मंडळी थेट झोपलेल्या बंडखोरांच्या अंगावर जाऊन धडकली होती, अशी आठवण अजून सांगतात. तरी खेळ थांबला नाही. १९५० मध्ये संस्था म्हणून नोंदणी करायची वेळ आली तेव्हा उद्दिष्टं लिहून द्यावी लागली. त्यांत व्यायाम होता, तहान लागणं आणि ती बिअरने भागवणं होतं आणि शेवटचं उद्दिष्ट असं होतं, की वयस्क सभासदांना वाटतं तेवढे ते म्हातारे झालेले नाहीत, हे त्यांना पटवून द्यावं.

मूळ क्लब अजूनही दर सोमवारी धावतो आणि तो फक्त पुरुषांचा आहे. पण त्याच्या शाखा-उपशाखा शेकडोंनी झाल्या. बायकांच्या, मिश्र, शनिवारच्या, रविवारच्या. लेकीचा क्लब त्यांतलाच एक. दर दोन वर्षांनी जगभरच्या हॅशवाल्यांचा मेळावा भरतो. पहिला १९७८ मध्ये हाँगकाँगला भरला. २००२ मध्ये आपल्या गोव्यातही भरला होता.

तर साडेचार वाजले, कुणीतरी भोंगा फुंकला, आणि सगळे "ऑन ऑन" करत पळाले. मी कादंबरी काढणार तोच एक साठी ओलांडलेली तमिळ बाई माझ्यापाशी आली. कपाळाला विभूती, पायात फाटके बूट, हातात काठी. "कम, आंटी. वी वॉक," ती म्हणाली. वयाने तीच मोठी असावी, पण इथे सगळेच आंटी. लेक दहा पावलांवर घुटमळत उभी होती. "तू जा गं पुढे, मी येते ह्यांच्याबरोबर," मी म्हटलं. ती गेली. आमच्याबरोबर एक चिनी आजोबाही होते, गुडघ्याला पट्टा बांधलेले.

पामतेलाचा मळा मी प्रथमच पाहत होते. साधारण नऊ-नऊ मीटरवर झाडं, सगळी एका उंचीची, सगळ्या ओळी सारख्या. खाली छाटलेल्या काटेरी झावळ्यांचे ढीग. लांब दांड्याच्या कोयत्याने फळांचे घड काढतात आणि एकेक घड वीस-वीस किलोचा. मध्येच खांबावर लाकडी खोकी दिसली. ती म्हणे गव्हाणी घुबडांसाठी. घुबडांनी तिथे राहावं आणि मळ्यातले उंदीर खावेत. "उंदीर आले की नाग येतात," आजोबांनी शांतपणे सांगितलं. त्यानंतर मी काठी मागून घेतली.

पाम संपला आणि जुनं रबराचं बन लागलं. सावली एकदम थंड झाली. खोडांवर तिरक्या खाचा, त्यांखाली चिकाच्या वाट्या. ही झाडं मूळची ब्राझीलची. १८७६ मध्ये बिया लंडनला नेल्या, १८७७ मध्ये २२ रोपं सिंगापूरला आली, आणि पुढे हेन्री रिडली ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने झाड न मारता चीक काढायची रीत बसवली. मग मलायात मळेच मळे झाले आणि ते कसायला तामिळनाडूतून माणसं आणली. तमिळ बाई त्यांतल्याच एका घरातली. इस्टेटीच्या चाळीत जन्मलेली. आईवडील दोघंही पहाटे अंधारात कपाळाला दिवा बांधून चीक काढायला जायचे, कारण गारव्यातच चीक चांगला वाहतो. वाळलेलं फळ फटकन फुटून बी उडाली, तशी ती हसली. लहानपणी ह्याच बियांनी त्या खेळायच्या. म्हणाली, "वडील सांगायचे, सोमवारी संध्याकाळी साहेब लोक कागद टाकत मळ्यातून पळायचे. आम्हाला वाटायचं, ह्यांना वेड लागलंय. आता बघा, मीच पळते!"

वाटेच्या कडेला लाजाळू पसरली होती, थेट कोकणातल्यासारखी. पायाचा धक्का लागला की पानं मिटत होती. पहिल्या चेकपाशी पोचलो तर तरणी मंडळी घामाघूम होऊन परत येत होती. आम्ही आरामात येऊन उभे राहिलो आणि दोन मिनिटांत डावीकडून "ऑन ऑन" ऐकू आलं. मला हसूच आलं. दुसऱ्या चेकपाशी लेक भेटली. फसव्या वाटेने ओढ्यात जाऊन आली होती. "बरी आहेस ना?" एवढं विचारून पुन्हा गेली.

आणि मग पाऊस आला. एक गडगडाट झाला आणि आभाळच खाली आलं. पंधरा मिनिटांत कागदाचा लगदा झाला. पुन्हा पामच्या ओळी लागल्या होत्या. आजोबा म्हणाले उजवीकडे, मला वाटलं समोर. पुढच्यांचा आवाज पावसात ऐकू येईना. बराच वेळ चाललो आणि लक्षात आलं, की शेवटचा कपटा पाहून खूप वेळ झाला आहे. पाऊस ओसरला तेव्हा सात वाजले होते. तिथे सव्वासात-साडेसातला अंधार पडतो, आणि पडतो तो दार लावल्यासारखा. मोबाइलला रेंज नव्हती. झावळ्यांतून काही सळसळलं की मला नाग आठवत होते. खरं सांगते, मी घाबरले. लेकीचा पुन्हा राग आला. आईला अशी टाकून गेली!

तमिळ बाई मात्र शांत. "नियम आहे," ती म्हणाली. "चुकलं की शेवटचा कागद दिसला तिथे परत जायचं आणि थांबायचं. भटकायचं नाही." बॅटरीच्या उजेडात आम्ही आपल्याच पावलांवरून मागे आलो. एका बुंध्याच्या खाचेत चिकटलेला एक पांढरा कपटा सापडला. तिथेच झावळ्यांवर बसलो. तिने बिस्किटं काढली. "येतील. वहीत नाव आहे," ती म्हणाली.

वाट बघताना ती सहज बोलून गेली, "तुमच्या मिस्टरांच्या वेळी फार रडली हो ती."

मी काहीच बोलले नाही. हे गेले ते एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत. मलेशियाने सरहद्दी वर्षभर आधीच बंद केल्या होत्या. आली असती तर परत जाता आलं नसतं, आणि पुढे तर भारतातली विमानंच बंद झाली. लेकीने सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. मला डोक्याने ते कळत होतं. पण घरात मी एकटी होते, साथीमुळे शेजारीही दारात येऊ शकत नव्हते, आणि नातेवाइकांपैकी कुणी ना कुणी फोनवर म्हणायचंच, "मुलगी आली नाही ना!" ते वाक्य कुठेतरी रुतून बसलं होतं. तिनेही त्या दिवसांबद्दल कधी काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"तेरा दिवस तिला चूल पेटवू दिली नाही आम्ही," तमिळ बाई सांगत होती. "वहीच्या यादीवरून पाळ्या लावल्या. रोज एकाने डबा करायचा आणि तिच्या इमारतीच्या फाटकावर ठेवून यायचा. वर जायची परवानगी नव्हती. ती खाली येऊन डबा घ्यायची, आम्ही रस्त्यापलीकडे उभे राहायचो. ती हात हलवून वर जाईपर्यंत थांबायचं, असं ठरलं होतं." आजोबा मान हलवत म्हणाले, "माझी पाळी दोनदा आली. शाकाहारी करायला बायकोला शेजारणीला विचारावं लागलं."

दुखवट्याच्या घरात पिठलं-भात बाहेरून यायचा, ही आपली रीत. माझ्या घरी त्या वर्षी तो येऊ शकला नाही. तिच्याकडे आला होता. परक्या देशात, परक्या जातीच्या, परक्या भाषेच्या माणसांकडून. आणि मी तीन-चार वर्षं मनात धरून बसले होते, की हिला काही वाटलंच नाही.

अंधारात बऱ्याच वेळाने लांबून भोंगा ऐकू आला. मग बॅटऱ्यांचे ठिपके. मग तिचा आवाज, "आई! आ...ई!" माझ्या तोंडून काय निघावं? "ऑन ऑन!" आजोबा खो खो हसले. ती आली ती चिखलासकट मला बिलगली. "चुकलं माझं, सोडून जायला नको होतं," असं काहीतरी ती पुटपुटत होती. मी म्हटलं, "माझंही चुकलं." तिला वाटलं मी वाट चुकल्याबद्दल बोलते आहे. तो खुलासा मी त्या रात्री घरी गेल्यावर केला. तो इथे लिहीत नाही.

परत आलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. साठ माणसं ओल्या कपड्यांनी उभी होती. वहीतली नावं आणि परत आलेली डोकी ताडून पाहिली तेव्हा तीन कमी भरली होती. त्यावर ससे स्वतः बॅटऱ्या घेऊन उलटे रानात शिरले, आणि बाकी कुणी घरी गेलं नाही. बर्फात घातलेल्या बाटल्यांना कुणी हात लावला नव्हता. आम्ही दिसल्यावर टाळ्या वाजल्या आणि मगच त्यांचं ते 'वर्तुळ' सुरू झालं. सगळे गोल उभे राहतात, चुकणाऱ्यांना बर्फाच्या लादीवर बसवतात, मग देतात, गाणी म्हणतात. गाण्यांचा अर्थ लेकीने मला सांगितला नाही आणि तिच्या चेहऱ्यावरून मीही विचारला नाही. पावसात वाट पुसली गेली म्हणून सशांना लादीवर बसवलं, आम्ही वाट चुकलो म्हणून आम्हालाही. मला बिअरऐवजी जवाचं गार पाणी मिळालं, ते एका दमात प्यायचं. मी प्यायले. आयुष्यात पहिल्यांदा मला शेवटून पहिली आल्याबद्दल कुणी टाळ्या दिल्या.

हा खेळ सगळ्यांनी खेळावा, असं मला म्हणायचं नाही. त्यात धोके आहेत. नाग आहेत, घसरडे ओढे आहेत, उंदरांच्या पाण्यातून होणारा लेप्टोसारखा ताप आहे. पिणंही थोडं जास्तच असतं. पण आपल्या मुलांना आपण लांबच्या देशात पाठवतो, तेव्हा पगार विचारतो, घराचं भाडं विचारतो, जेवण काय करतोस विचारतो. संध्याकाळी तू परत आली नाहीस तर तुझं नाव कुणाच्या वहीत आहे, हे मात्र विचारत नाही. आपल्याकडे वारीत दिंडीतला माणूस मागे राहिला की कुणीतरी थांबतं. पंढरपूरला पहिला कोण पोचला, ह्याची नोंद कुणी ठेवत नाही. लेकीला तिकडे तिची दिंडी सापडली आहे. रंग वेगळा आहे, एवढंच.

आता मी पुण्याला परत आले आहे. रविवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला, म्हणजे तिकडे साडेआठ झालेले असतात, फोनवर तिचा निरोप येतो. पूर्वी ती लिहायची, "पोचले घरी." हल्ली दोनच शब्द असतात. ते वाचले की मी देवापुढे दिवा लावते.

"सगळे आले."